उरलेला बोल्ट

गॅरेजमधली जुनी आलिशान अमेरिकन गाडी जोडून झाली, की दरवेळी ताटलीत एक बोल्ट उरायचा आणि आमचे हे ती पुन्हा खोलायचे. बोल्ट मीच टाकायचे. डॉक्टरांनी ह्यांचे डोळे तपासून गाडी चालवायला बंदी घातलेली. ह्यांनी कानाडोळा केलेला. आज इंजिन घुरघुरलं आणि हे गेट उघडायला निघाले. मी घाईघाईनं जेवणाच्या टेबलाचा आणखी एक बोल्ट काढून ताटलीत टाकला. परतल्यावर ह्यांनी तो बोटांत फिरवला. “ह्या गाडीचे बोल्ट इंची मापाचे, तुझे मिलिमीटरचे. आणि टेबल कधीचं डुगडुगतंय.” “मग दरवेळी खोलत का बसलात?” इंजिन बंद करून हे पाना शोधू लागले. पाना समोरच होता; हात भलतीकडे चाचपडत होता. मी पाना हळूच हाताखाली सरकवला. “चल,” हे म्हणाले, “कुठून खोलू या?”