फांदीवरचा भृंगराज

काळा पक्षी दिसला की लगेच ‘कोतवाल’ म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. कर्नाळ्याच्या जंगलात तो फांदीवर दिसला, तेव्हा माझी चुलत बहीण भाविका नेमकं तेच म्हणाली.

"गप. केसराज असेल. इकडे क्वचितच येतो."

पण त्याच्यासारखाच काळा भृंगराज वेगळा ओळखायचा तो शेपटीवरून, आणि शेपटी पानांआड होती. केसराज की भृंगराज, हे आता आवाजावरूनच ठरणार होतं.

आधी तो बुलबुलासारखा बोलला. मग त्यानं सर्पगरुडाची शीळ घातली.

"भृंगराजच," मी हिरमुसून म्हणालो. "नकला करतो. जे ऐकतो तेच बोलतो."

मग तो माझ्या आवाजात म्हणाला, "मघाशी इथंच होतो आपण."

भाविका हसली. "हे कधी बोललास, दादा?"

मी बोललो नव्हतो. आम्ही उतरायला लागलो. पायवाट एकच, थेट गेटाशी जाणारी. खालून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न येत होते. बराच वेळ उतरलो तरी ते तेवढेच लांब राहिले. मग वळणावर तीच फांदी आली. तिच्यावर तोच पक्षी.

"मघाशी इथंच होतो आपण," मी म्हणालो, आणि पक्ष्याकडे पाहिलं.

भाविकानं माझा हात घट्ट धरला.

पक्ष्यानं मान तिरकी केली. या वेळी आवाज तिचा होता, ओरडून ओरडून बसलेला. "दादा, कुठं आहेस रे?"

मी वळून पाहिलं. ते शब्द बाहेर पडू नयेत म्हणून भाविकानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

त्यासाठी तिनं माझा हात सोडला होता.