खोडातला विस्तव
एकोणीसशे बासष्ट साली आमच्या गावामागचं जंगल जळलं. आग विझल्यावर दादा बाबांना म्हणाला, "मी चोरून सिगारेट ओढली, त्यानेच पेटलं." बाबा वनरक्षक. ते राख तुडवत निघून गेले. दादाने घर सोडायला तीनदा पिशवी भरली, आईने तीनदा रिकामी केली. संध्याकाळी बाबा परतले ते उभं चिरलेलं, आतून कोळसा झालेलं लाकूड घेऊन. "परवा पाऊस नसताना वीज कडाडली, ती या झाडावर पडली. खोडात विस्तव धुमसत राहिला, काल वाऱ्याने भडकला. शहाण्या, एवढं मोठं काम तुझ्याच्याने होणार होतं का रे?" दादा हसता हसता रडला. पुढे तोही वनरक्षक झाला. आईबाबा गेले. आता मी आजी, तो ऐंशीचा, पण वीज कडाडली की फोन करतो, "मी नव्हतो हं, चिमे."