टेकडीवरचा बैल

"जपून रे दादा, कुसळं टोचतील," म्हणत शुभदा भावाच्या पुढे टेकडी चढत होती. तिला कोण घाई झाली होती.

शरच्चंद्र पुण्याहून मुद्दाम आला होता. शुभदाचा नवरा मुकुंद एका कंपनीत ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या नकला काढणारा. बहिणीने असा नवरा पसंत केला, तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या या भावाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "दुसऱ्याने काढलेल्या रेघा गिरवणारा माणूस! याच्या हातून स्वतःचं असं काय होणार?" ते बोलणं शुभदाला अजून सलत होतं. आज ती त्याचं उट्टं काढणार होती.

मुकुंद दोघांच्या मागे चालत होता.

माथ्यावर पोचताच शरच्चंद्र थबकला. समोर एक बैल बसला होता, चांगला खोपटाएवढा. अंग नुसत्या काळ्या दगडांचं, एकावर एक रचलेलं. ना चुना, ना सिमेंट. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची शिंगं, वाळल्या गवताची शेपटी, डोळ्यांत गारगोट्या. रवंथ करता करता आत्ता कान हलवेल असं वाटावं.

"चिंचवडला आमच्या गच्चीवरून दिसतो," शुभदा म्हणाली. "दर रविवारी हे सकाळीच इकडे येतात. मला वाटायचं, नुसते फिरायला जातात! शेवटी मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा कबूल झाले."

अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता आणि ती ते लपवतही नव्हती. मुकुंदला तिच्या तोंडाकडे बघवेना. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं.

शरच्चंद्रने बैलाभोवती फेरी मारली. "मुकुंदराव, हे सगळं तुम्ही एकट्याने?"

"हळूहळू झालं."

"आणि चुन्याशिवाय उभं कसं राहिलं?"

"बसले दगड," मुकुंद म्हणाला.

"स्वतःचं कौतुक करणं यांच्या स्वभावातच नाही," शुभदा म्हणाली.

पण शरच्चंद्र कसला ऐकतो! जरा पलीकडे एक बाई काटक्यांची मोळी बांधत होती. त्याने सरळ तिलाच गाठलं.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"गोजाबाई."

"हा बैल कुणी केला, ठाऊक आहे?"

मुकुंद पायातलं कुसळ काढायला खाली वाकला. शुभदा मात्र निर्धास्त हसत होती.

गोजाबाईने शरच्चंद्रकडे पाहिलं, मुकुंदकडे पाहिलं. मग तिची नजर शुभदाच्या चेहऱ्यावर जरा वेळ थांबली.

"ह्यांनीच की," ती म्हणाली. "मी रोज हितं असते. लई जीव लावून केलाय, बाबा. असा बैल साऱ्या पंचक्रोशीत न्हाई."

"आता?" शुभदाने भावाला विचारलं.

शरच्चंद्र तसा मनाचा मोठा. त्याने मुकुंदचे दोन्ही हात हातात घेतले. "माझं चुकलं, मुकुंदराव. आमची शुभा भाग्याची आहे."

शुभदाचे डोळे भरून आले. भाऊ-बहीण बोलत बोलत उतरणीला लागले. मुकुंद मागे रेंगाळला.

गोजाबाईने मोळी डोक्यावर घेतली आणि त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सायेब, येत्या रविवारी नुसतं लांबून बघत बसू नगा, हात लावायला या. ह्याच्याशेजारी आता गाय बसवायची हाय, अन् मोठालं दगड मला एकटीला उचलंनात."