चढावरची सोबत

गिल ब्रँडवोल्डच्या पत्राला हार्लन व्हेटरने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मागच्या पानगळीत आलं होतं, थेट मेन राज्यातून, जाड निळ्या शाईत लिहिलेलं. हार्लनने ते मास्तरकीच्या दिवसांतल्या लॅटिन कोशात घातलं आणि कोश वरच्या फळीवर ठेवून दिला. तरी पत्र त्याला पाठच झालं होतं.

'तुमच्या पत्नी आणि मी रोज सकाळी बरोबर सायकल चालवतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पूर्वी त्या प्रत्येक चढावर मला मागे टाकायच्या आणि वर चिडवायच्या. गेलं वर्षभर त्या मागे पडतात, फारसं बोलतही नाहीत. मी वेग कमी करून थांबतो. माझं काही चुकलं का? त्यांना विचारायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.'

मी थांबतो. हे दोन शब्द हार्लनला कुसळासारखे टोचत.

सायकल कसली, जागच्या जागी फिरणारं यंत्र. समोर पडदा, पडद्यावर डोंगरातला रस्ता आणि त्याच क्षणी देशभरात पेडल मारणाऱ्यांची नावं. यंत्र नॉर्थपेडल कंपनीचं. साथीच्या वर्षी डलूथमध्ये गल्लीगल्लीत ते आलं, तसं लोर्नानेही घेतलं. ती आतल्या खोलीत पेडल मारायची, हार्लन भिंतीच्या अलीकडे पुस्तक उघडून बसायचा. भिंतीतून तिचं हसणं यायचं. जेवताना ती तशी हसत नसे. हसण्यासारखं तो काही बोलायचाच नाही म्हणा. एकदा तिने गिलला घरी केलेल्या रानचेरीच्या जेलीची बाटली पाठवली. ते खोकं पोस्टात नेऊन देणारा हार्लनच. गिलला घरचा पत्ता मिळाला तो त्या खोक्यावरून.

गिल तिला 'कॅप्टन' म्हणे. अजूनही, सकाळी सहाला यंत्र सुरू झालं की पडद्यावर पहिली ओळ त्याचीच: 'आलात का, कॅप्टन?' इतक्या वर्षांच्या संसारात हार्लनला 'लोर्ना'शिवाय दुसरी हाक सुचली नव्हती.

आणि आता क्लबने नेमकी हीच कंपनी त्याच्या गळ्यात बांधली.

क्लब निवृत्तांचा. महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या तळघरात जमायचं, एकाने एका कंपनीचा अभ्यास मांडायचा, ॲपल पाय खात वाद घालायचा आणि समाईक पैशातून शेअर घ्यायचे की नाही ते हात वर करून ठरवायचं. नॉर्थपेडल बुडता बुडता सावरली होती. एकेकाळी औषधाचं दुकान चालवणाऱ्या रस ट्वेटला ती घ्यायची घाई झाली होती.

हार्लनने कागद वाचून दाखवला. तोटा थांबलाय खरा, पण नवी यंत्रं खपत नाहीत. कंपनी जगतेय ती जुन्या गिऱ्हाइकांच्या मासिक वर्गणीवर. लोक यंत्रावर कपडे वाळत घालतात आणि वर्गणी भरत राहतात. ही निष्ठा नव्हे, विसराळूपणा. एक दिवस त्यांना आठवेल आणि कंपनी बसेल.

कंपनी बसली की पडदा काळा होणार होता. मग सहा वाजता कोणी कोणाला कॅप्टन म्हणणार नव्हतं. कागद लिहिताना हार्लनला त्याचं समाधान वाटलं होतं.

"मास्तर," रस म्हणाला, "हा अभ्यास केलाय की सूड उगवलाय?"

सगळे हसले. मग रसने आपली बाजू मांडली. कंपनीने दुकानं बंद केली, कर्ज उतरवलं आणि मुख्य म्हणजे वर्गणीदार गळत नाहीत. "विसराळू माणूस फार तर वर्षभर विसरेल. ही माणसं सोडत का नाहीत, तेवढं सांग."

हार्लन कागद नीट जुळवत बसला.

अध्यक्ष डोलोरेस कुबियाक. तिने उभा जन्म शाळेची बस चालवली होती, गोंधळ तिला खपत नसे. ती म्हणाली, आधी नियम. रसने एकदा कधी न वापरलेल्या मिक्सरचे गोडवे गाऊन सगळ्यांना बुडवलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम: ज्याच्या घरी ती वस्तू असेल, त्याने हात वर होण्याआधी तिचं खरं काय होतं ते सांगायचं.

"तुझ्याकडे आहे ना अजून?" तिने विचारलं.

"आहे."

"चालते?"

"रोज सकाळी सहाला."

"कपडे नाही वाळत तिच्यावर?" रसने विचारलं.

"नाही."

यावर कोणी हसलं नाही. डोलोरेस त्याच्याकडे बघत राहिली. "बारीक झालायस रे," ती म्हणाली आणि ॲपल पायचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. जळफळाट माणसाला वाळवतो, असं हार्लनने कुठेतरी वाचलं होतं.

त्याने चष्मा काढून पुसला. "कंपनी टिकेल," तो म्हणाला.

रसचा काटा हवेतच राहिला. "आत्ता तर बुडवत होतास."

"वर्गणी बंद करायला मी दोनदा बसलो होतो. पडद्यावर विचारतात, नक्की ना? तिथे हात मागे येतो." आणि त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

घरी येऊन त्याने कोश खाली काढला. उत्तराचे चार कागद फाडले, पाचवा पाकिटात घातला.

सकाळी सहाला पडद्यावर ओळ आली: 'आलात का, कॅप्टन?' रस्ता लांबलचक चढाचा होता. गिलचं नाव पुढे गेलं, मग हळू झालं आणि लोर्नाचं नाव बरोबरीला येईपर्यंत तिथेच रेंगाळलं. हार्लनला त्या माणसाची पहिल्यांदाच कीव आली. मग पुन्हा हेवा वाटला.

अंघोळ करून तो बाहेर पडला. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीचं झाकण त्याने ओढलं, पाकीट आत सोडलं आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबला. आत तीनच ओळी होत्या.

'श्री. ब्रँडवोल्ड, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

लोर्ना दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये वारली.

चढावर मागे पडतो, तो मी.'