पूजेपुरती धार

संस्थान विलीन झालं त्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, माझे गुरू गणबा मिस्त्री यांच्या नक्षीच्या पटाश्या त्यांच्या लेकानं, अंबादासनं, माझ्यापुढं टाकल्या. गंजावर हळदकुंकवाची पुटं, वर दुधाचा आंबूस वास! धार बघायला नखावर टेकवल्या, तर सगळ्या घसरल्या. शिसारी आली.

"रोज अभिषेक करतो की, चाचा," तो म्हणाला. "धार लावून द्या. बिनधारेचं हत्यार पूजेला चालत न्हाय, आबा म्हणायचे."

दिवसभर दगडावर घासल्या. सागवानावर चालवून बघितल्या; रेशमी पापुद्रा सुटला, तेव्हा कुठं दगड बाजूला ठेवला.



दुसऱ्या दिवशी न्यायला आलेल्या अंबादासनं तिथंच हळदकुंकू वाहून पटाश्या कपाळाला लावल्या आणि माझ्याच दगडी पायरीवर एकेक पातं खरडून बोथट केलं. "देवघरात पोरं खेळत्यात, चाचा. बोटं कापत्याल की!"