अंकाचं गाऱ्हाणं

“नारळ खंय आसा गो?” मथुरेने विचारलं.

संजनाच्या हातात कात्री होती. समोर टेबलावर अंकांचा गठ्ठा, सकाळच्या एसटीने कुडाळहून आलेला, सुतळीने आवळून बांधलेला.

“नारळ नाय आणूक, मथुराकाकी,” ती म्हणाली. “समई नाय, पावणो नाय. आपलो अंक तसलो नाय.”

अंकाचं नाव ‘वायंगण’. मुख्य भात कापून झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर घेतात ते पीक. ज्यांचं लिखाण कुठल्याच मासिकाच्या हंगामात बसत नाही, त्यांच्यासाठी संजनाने हा अंक काढला होता. मासळी विकणाऱ्या मथुरेने त्यात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांची हजेरी घेतली होती, अगदी नावानिशी. सत्यवान कंडक्टरची कविता दीड पानांची होती आणि तिचा अर्थ खुद्द सत्यवानाला विचारूनही उपयोग नव्हता. असे सात जण प्रकाशनासाठी कट्टा गावच्या बाजारात, बाबूच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या पडवीत, इस्त्रीचे कपडे घालून बसले होते.

“लिवलंय ता लिवलंय,” मथुरा म्हणाली. “पण माझां नाव पयल्यांदा छापून इलां. गाऱ्हाण्याबिगर ती गाठ सोडूची नाय.”

“होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणां लागता,” सत्यवानानेही री ओढली, “मगे ह्येका कित्याक नको?”

संजनाला हसावं की रडावं कळेना. जगाच्या नाकावर टिच्चून लिहिणारे तिचे लेखक एका नारळासाठी अडून बसले होते. नारळाचं काय, तो समोरच्या दुकानात होता. पण देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा, गावातला मान गुणाजीचा, आणि गुणाजी म्हणजे तिचा बाप. पुण्यातली नोकरी सोडून ती या अंकापायी घरी आली, त्या दिवसापासून सात महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज इतक्या माणसांसमोरही तो तोंड फिरवून गेला, तर ते तिला सोसणार नव्हतं.

“दुसरो कोण नाय?” तिने विचारलं.

“गाऱ्हाण्याक दुसरो?” मथुरेने अशा काही नजरेने पाहिलं की संजनाने कात्री खाली ठेवली.

बाबू स्कूटर घेऊन गेला आणि अर्ध्या तासात गुणाजीला घेऊन आला. गुणाजीने पडवीबाहेर चपला काढल्या. संजना उठून उभी राहिली. तो तिच्या शेजारून सरळ पुढे गेला आणि सत्यवानासमोर थांबला.

“मागणां काय मागूचां? ह्येंनी लिवल्यानी काय, ता सांग आधी. देवाक उगाच ताप नको.”

सत्यवानाने संजनाकडे बोट केलं. मग तिनेच एकेकाचं लिखाण थोडक्यात सांगितलं. गुणाजीने सगळं ऐकून घेतलं, सत्यवानाकडे बघत.

मग त्याने मथुरेने समोरच्या दुकानातून आणलेला नारळ दोन्ही हातांत धरला आणि गठ्ठ्यासमोर उभं राहून डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय अंक काडल्यानी आसा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“मथुरान गिऱ्हायकांबद्दल जा काय लिवल्यान आसा, ता वाचून तिचा एकय गिऱ्हायक तुटाक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सत्यवानाची कविता जो कोण वाचीत, तेका वायच धीर दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात सत्यवानाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. संजनाने कात्री उचललीसुद्धा. पण गुणाजीने नारळ खाली ठेवला नाही.

“आनी म्हाराजा, ह्या अंकाच्या पायी एका चेडवान नोकरी सोडल्यान. तेच्या बापाशीन बोलणां सोडल्यान. सात म्हयने एका घरात जेवलो, पण पानातसून मान वर करून तेच्याकडे बगूक नाय. ता तेचा चुकला म्हाराजा. तोंडार सांगूक जमणा नाय, म्हणान तुझ्या कानार घालतंय. माझी चूकमाक पोटात घाल रे म्हाराजा!”

मथुरेने तोंडाला पदर लावला. सत्यवान जमिनीकडे बघू लागला. या वेळचा होकार आपण द्यायचा नाही, हे सगळ्यांनाच कळलं होतं. गुणाजी डोळे मिटून तसाच उभा होता.

“व्हय म्हाराजा,” संजना कशीबशी पुटपुटली.

गुणाजीने डोळे उघडले नाहीत.

“वायच मोट्यान म्हण गो चेडवा,” तो म्हणाला. “देवाक कमी ऐकाक येता.”