गार चहा

टक्. लाकडी राजा पटावर आडवा झाला आणि तासाभराची शांतता मोडली. "हरलो गं बाई," नवरा म्हणाला. तो ग्रँडमास्टर, आणि समोर आमची नऊ वर्षांची लेक. ती खुर्चीतच नाचली. मी तिला उचलून पापे घेतले, पण डोळे त्याच्यावरच होते. कान लाल, कपाळावर घाम, आणि मी ठेवलेल्या चहावर जाड साय. त्याला कपाची आठवणच राहिली नव्हती. माझ्याशी खेळताना तो चहा गरम असतानाच संपवतो, मधेच पेपर चाळतो, आणि हसत हसत हरतो. मला वाटायचं, मी बरी खेळते. पोटच्या पोरीचा हेवा वाटला. एकदा तरी त्याने माझ्यासाठी चहा गार होऊ द्यायचा. तिने गळ्यात पडून विचारलं, "आई, मला इतकं जड गेलं. तू तर बाबांना दर रविवारी हरवतेस. कसं जमतं गं तुला?"